इंचाला आठ टाके

ज्या विद्येत मनुष्य निपुण असतो, तिच्याच पट्टीने तो जगातील इतर सर्व वस्तू मोजू लागतो आणि बहुधा तेथेच फसतो. माझी विद्या पुस्तकबांधणीची. सव्वीस वर्षे मी एकाच छापखान्यात, एकाच टेबलावर, हाताने पुस्तके बांधत आलो आहे. शाळा सातवीत सुटली. पुढील शिक्षण टेबलावर येणाऱ्या फर्म्यांवर झाले. फर्मा म्हणजे मोठ्या कागदाच्या एका घडीतून निघणारी सोळा पाने. सरस वाळेपर्यंत जो फर्मा हाताशी असेल, तो मी वाचून काढी. त्यामुळे पुष्कळ विषय मला सोळा सोळा पानांपुरते अवगत आहेत आणि एकही विषय शेवटपर्यंत ठाऊक नाही.

छापखाना गावाबाहेरच्या नव्या शेडमध्ये गेला, तेव्हाची ही हकीकत. शेड प्रशस्त होती, उजेडही मुबलक होता. दोष एवढाच की पहिली पाळी सातला सुरू होई आणि पहिली बस पावणेआठला पोहोचे. इतर कामगारांनी शेडच्या आसपास खोल्या घेतल्या. आम्हाला ते शक्य नव्हते, कारण आमची ही गावातल्या रुग्णालयाच्या लाँड्रीत कामाला आहे आणि तिची पाळीही सकाळचीच. ह्या कामात तिची वीस वर्षे गेली आहेत. डाग कशाचा, किती दिवसांचा आणि कोणाच्या निष्काळजीपणाचा, हे ती चादरीला हात न लावता सांगते.

स्थलांतर झाल्यावर व्यवस्थापकांनी मला बोलावून घेतले.

"हे बघा बायंडर, नवं यंत्र तासाला तीनशे पुस्तकं बांधतं. तुमच्या टेबलावर दिवसाला चार होतात. मालकांना काय सांगू?"

"सांगा की यंत्राचं पुस्तक तीनदा उघडलं की पानं हातात येतात."

"अहो, लोक एकदाच उघडतात. तेसुद्धा उघडले तर."

अखेर असे ठरले की सहा महिने टेबल राहील. तेवढ्या अवधीत हातबांधणीचे एखादे मोठे काम आले तर ते पुढेही राहील. मात्र हजेरीपटावर उशिराच्या तीन लाल खुणा झाल्या, तर त्याच दिवशी टेबल उचलले जाईल आणि माझी रवानगी पॅकिंगला होईल. पॅकिंगमध्ये पुस्तके खोक्यात भरून वर चिकटपट्टी लावतात. त्या कामाला मी कमी लेखत नाही. तथापि ज्याने सव्वीस वर्षे सुई धरली, त्याच्या हाती चिकटपट्टी देणे म्हणजे गवयाला घंटा बडवायला बसवण्यासारखे आहे.

सबब वाहन घेणे क्रमप्राप्त झाले.

"चार दारांची घ्या," ही म्हणाली. "पांढरी. जुनी चालेल, पण कुणाची नजर जाणार नाही अशी."

तशीच एक गाडी पाहण्यास मी एका निवृत्त दंतवैद्यांकडे गेलो. पांढरी होती, चार दारांचीही होती. परंतु आत डोकावतो तो आसनांचे कापड शिवलेले नसून चिकटवलेले, आणि कोपऱ्यांत त्याला पोपडे आलेले. मी निराश होऊन मागे फिरलो तेव्हा शेजारी ताडपत्रीखाली काहीतरी बुटके उभे दिसले. वैद्यबुवांनी ताडपत्री ओढली. पंचवीस वर्षांपूर्वी जपानहून आलेली लाल स्पोर्ट्स कार होती ती. दोन दारे, दोनच आसने, आणि बटण दाबताच बॉनेटमधून बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येणारे दिवे. मी दार उघडून वाकलो. चामड्याची आसने, मेण लावलेला दोरा, दुहेरी शिवण. खिशातली पट्टी काढून मोजले. इंचाला आठ टाके भरले. एकही टाका सैल नव्हता.

"इंजिन बघायचं नाही का?" वैद्यबुवांनी विचारले.

"शिवण अशी असेल तर आत काय असेल!"

"आमच्याकडे पेशंटही असंच म्हणायचे," ते म्हणाले. "वरून दात छान दिसतोय की, म्हणून." गाडीबरोबर त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दिला. "हिचं पुस्तक. जपानी आहे, पण चित्रं आहेत. दुरुस्तीला लागेल, टाकू नका."

घरापुढे गाडी उभी केली तेव्हा ही दारात आली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"ही उभी आहे की बसली आहे?"

"तिची बांधणीच तशी असते."

"कामावर जायला घेतलीत की कामावरून पळून जायला?"

मी तिला शिवण दाखवली. तिने ती पाहिली, अंगठ्याने दाबलीही. "शिवण चांगली आहे," ती म्हणाली, "आता हिला पांढरा रंग देऊन दोन दारं वाढवून मिळतात का बघा." त्यानंतर ती आत बसली आणि बाहेर निघताना माझे दोन्ही हात धरावे लागले. "विहिरीतून काढल्यासारखं वाटतं हो," एवढीच तक्रार तिने केली, पण ती रोज केली.

अशा गाडीने दररोज कामावर जाणे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. रस्त्यावरील गतिरोधक तिरपे ओलांडावे लागतात, अन्यथा पोट खरवडते. मालमोटारींच्या चाकांचे नट डोळ्यांच्या पातळीवर येतात, त्यामुळे कोणत्या मालमोटारीचा कोणता नट सैल आहे हे चालकाआधी आपल्याला कळते. डाव्या दारातून पाणी ठिबके, ते मी पुस्तकाच्या पाठीला लावतात त्या कापडाने व सरसाने बंद केले. गिअरच्या दांड्याभोवतीचे फाटलेले चामडे उसवून पुन्हा शिवले. दर रविवारी तेल पाहावे, पाणी पाहावे, चाकांतील हवा पाहावी. ज्यास गाडीची हौस आहे त्यास ही कामे वाटत नाहीत, आणि ज्यास ही कामे वाटतात त्याने पांढरी गाडी घ्यावी.

पहिली लाल खूण दिव्यांमुळे झाली. थंडीचे दिवस होते, सहा वाजता अंधार असे. बटण दाबले तो एक दिवा उठला आणि दुसरा निजूनच राहिला. तीनदा थांबून मी त्यास हाताने उठवला आणि तीनदा तो पुन्हा निजला. नऊ मिनिटे उशीर झाला. दुसऱ्या खुणेचा दोष मात्र गाडीला देता येत नाही. पेट्रोल पंपावर एका गृहस्थांनी विचारले, "कोणत्या सालची?" वास्तविक एका वाक्यात उत्तर देता आले असते. मी त्यांना आसने दाखवली, पट्टी काढली, टाके मोजून दाखवले. त्यांनी दिव्यांची उघडझाप पाहण्याची इच्छा दर्शवली. सहा मिनिटे गेली.

"बायंडर," व्यवस्थापक म्हणाले, "आता एकच उरली."

येथे त्या डब्याविषयी सांगणे अवश्य आहे. डब्यात दोनशेच्या आसपास सुटी पाने होती. ती क्रमाने रचलेली नव्हती, म्हणजे मला तशी वाटली नाहीत. तेलाने कडा काळ्या पडलेल्या, कोपरे दुमडलेले. पुस्तकाची अशी दैना मला पाहवत नाही. पाळी संपल्यावर रोज तासभर टेबलाशी बसून मी ती पाने एकेक सुटी केली, पुसली, वाळवली. ह्यात ती एकमेकांत मिसळली, पण चिंता नव्हती, कारण प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात आकडा होता. आकड्यापुढे एक जपानी अक्षर होते. ते मला नक्षीसारखे वाटले.

विचित्र एवढेच की एक आकड्याची पाने अकरा निघाली, दोन आकड्याचीही अकरा. छापखान्यात फर्मे जुळवताना आम्ही आकड्यावर विश्वास ठेवतो. एकानंतर दोन, दोनानंतर तीन, मजकूर पाहण्याचा प्रश्नच नसतो. त्याच शिस्तीने मी प्रथम अकरा एक लावले, त्यांवर अकरा दोन, त्यांवर अकरा तीन, नक्षीचा क्रम दर थरात तोच ठेवून. जपानी लोक मोठे कामसू, अकरा गोष्टी एकदम सांगत असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली.

नंतर सुटी पाने बाजूने घट्ट शिवली. कडांचा काळेपणा घालवण्यासाठी कटिंग यंत्रावर तिन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच उतरवला. त्यात आकडेही गेले. शिवलेल्या पुस्तकाला आकड्यांची गरज उरत नाही, असे मी मानतो. मानत असे. शिवणीच्या बाजूला मात्र एक पिवळट डाग प्रत्येक पानात उतरला होता आणि तो काही केल्या जाईना. हिला विचारले, तर म्हणाली, "जुनं तेल आहे, वरून ठिबकत खाली मुरलंय. राहू द्या त्याला." मी तो शिवणीत दडपून टाकला. वर तपकिरी चामडे, पाठीला पाच उंचवटे, रेशमी फीत. एवढे उत्तम पुस्तक माझ्या हातून पूर्वी झाले नव्हते.

व्यवस्थापकांनी ते पाहिले आणि प्रथमच टेबलाशी खुर्ची ओढून बसले.

"हे तुम्ही केलंत?"

"गाडीचं आहे."

"असू दे कशाचंही. सोमवारी साडेसातला एक सजावटवाल्या बाई येणार आहेत. त्यांना चामड्याची पुस्तकं हवीत, शेकड्यांनी. तीन बायंडरांकडे जाऊन आल्यात, पसंत पडत नाही म्हणे. हे दाखवू. काम मिळालं तर टेबल कायमचं तुमचं." मग उठताना म्हणाले, "आणि त्या दिवशी सातला हजर राहा म्हणजे झालं. नाही तर एका हाताने काम घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने टेबल उचलायचं, ते बरं दिसणार नाही."

मेण लावून चकाकी आणण्यासाठी शनिवारी मी पुस्तक कापडात गुंडाळून घरी आणले.

त्याच आठवड्यात गाडी पाहणाऱ्या वस्तादांनी निदान केले होते. वस्ताद म्हणजे आमच्या वस्तीतले वृद्ध मेकॅनिक. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असूनही ते केवळ कानाने इंजिन ओळखतात. त्यांच्या मते इंजिनाच्या आतला दातेरी पट्टा चिरला होता.

"तुटला तर?"

"तुटला तर इंजिन रद्दी. तुमच्या भाषेत सांगतोय." वस्ताद म्हणाले. "रविवारी बदलू. सोमवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, मग महिनाभर गॅरेज बंद. फक्त एक अडचण आहे. हिच्या पट्ट्याला आतली दातेरी चाकं तीन आणि खुणा तीन. तिन्ही खुणा बरोबर जागी असताना पट्टा बसला पाहिजे. एक दात इकडेतिकडे झाला तर गाडी घरी ढकलत न्यायची. तीन खुणा आहेत म्हणतात, मला दीडच दिसते. मोबाइलमध्ये पाहिलं तर त्यातल्या इंजिनाला दोनच चाकं. पुस्तक आहे म्हणालात ना? आणा."

"पण तुम्ही तर म्हणता, गाडी बोलते आणि पुस्तक मुकं असतं."

"म्हणतो. म्हातारपणी माणूस देवाला लागतो, मी पुस्तकाला लागलो."

रविवारी सकाळी आम्ही उभयता गॅरेजात गेलो. हिची सुटी होती, आणि माझ्यावर नजर ठेवणे हा तिचा सुटीतला उद्योग. मी हात पुसून पुस्तक एका स्वच्छ फडक्यावर ठेवले. वस्तादांनी तोवर पट्टा काढूनही ठेवला होता.

"जुन्या पट्ट्याच्या जागी खडूने खुणा केल्यात ना?" मी विचारले.

"चाळीस वर्षं करतोय. आज नाही केल्या. म्हटलं, पुस्तक आहे, कशाला उगीच."

हे ऐकून मला धन्यता वाटली. वस्तादांनी चामड्यावरून हात फिरवला, "वा, लग्नाच्या अल्बमसारखं झालंय," म्हणाले आणि पुस्तक उघडले. पहिल्या पानावर इंजिन होते. दुसऱ्यावर काच पुसणारा वायपर. तिसऱ्यावर आसन, चौथ्यावर ब्रेक, पाचव्यावर दिवा.

"बुकवाले, पट्टा काढला की वायपर काढायचा?"

"तसं दिसतंय खरं."

"आणि मग खुर्ची?"

"जपानी लोक कामसू," मी म्हणालो.

वस्तादांनी पुस्तक मिटले आणि हिच्याकडे पाहिले. "वहिनी, ह्यांनी ही पानं कशी लावली विचारा जरा."

मी सविस्तर सांगितले. अकरा एक, अकरा दोन, अकरा तीन. सांगत असतानाच माझ्या स्वतःच्या कानांना ते निराळे ऐकू येऊ लागले. वस्ताद स्टुलावर बसले.

"अहो, अकरा धडे होते ते! प्रत्येक धडा एकपासून सुरू!"

"मग दर अकरावं पान घेतलं तर?" मी घाईने म्हणालो. तसे करून पाहिले. चौथ्या खेपेपर्यंत इंजिनामागे इंजिन येत गेले. पाचव्या खेपेस आरसा आला. काही धडे आखूड होते, ते संपून गेले आणि मोजणी घसरली.

"आकडे बघा ना मग," ही म्हणाली.

"ते कापले."

"का?"

"कडा काळ्या होत्या."

तिने पुस्तक स्वतःकडे ओढले.

आम्ही चित्रांवरून शोध घेतला. तीन चाकांची पाने सात सापडली. सातांवर तीच चाके आणि प्रत्येकावर खुणा वेगळ्या जागी, कारण काढतानाची स्थिती वेगळी, तपासतानाची वेगळी आणि शेवटची वेगळी. कोणते पान शेवटचे हे कळल्याखेरीज पट्टा बसवणे म्हणजे अंधारात दगड मारणे. शिवाय मी बाजूची शिवण इतकी घट्ट घातली होती की प्रत्येक चित्राचा तिसरा भाग घडीत गडप झालेला. नेमके तिसरे चाक त्या भागात होते. पुस्तक दोन्ही हातांनी ताणले, आत बॅटरी मारली, मोबाइलने फोटो काढले. इंचाला आठ टाके, हलणार कुठून!

एवढ्यात ही पुस्तकावर ओणवी झाली. "हा डाग," ती म्हणाली, "मी राहू द्या म्हटलं होतं तो. ह्या पानावर रुपयाएवढा दिसतोय. ह्याच्यावर करंगळीएवढा. तेल वरून ठिबकलंय. म्हणजे वरच्या पानावर मोठा, खाली खाली लहान होत जाणार. डब्यात ही क्रमानेच असणार होती. डागाने लावू या पानं."

"लावू की!" वस्ताद उठले.

"पण डाग शिवणीत आहे," ती म्हणाली. "सगळा दिसत नाही. उसवावं लागेल."

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. हिशोब सरळ होता, आणि सरळ असल्यामुळेच वाईट होता. पुस्तक शाबूत ठेवावे तर गाडी महिनाभर सुटी पडून राहणार, सोमवारपासून बस आणि सोमवारीच तिसरी खूण. पुस्तक उसवावे तर सोमवारी बाईंना दाखवायला काही नाही. पुन्हा बांधायचे म्हटले तरी सरस दाबाखाली वाळायला पुरा एक दिवस घेतो. सरसाला कोणाची घाई कळत नाही. टेबल दोन्ही बाजूंनी जात होते, फक्त कोणत्या दाराने हे मी ठरवायचे होते.

ही मागे येऊन उभी राहिली.

"अहो, टेबल कशाला वाचवायचंय?"

"पुस्तकं बांधायला."

"आणि पुस्तकं कशाला बांधायची?"

मी खिशातली पट्टी चाचपली.

"कुणीतरी वाचावीत म्हणूनच ना? मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी तुमच्या पुस्तकाची खरीखुरी गरज पडलीये, आणि तुम्ही ते फडक्यात गुंडाळून बसलाय."

खिशात सुरी असतेच. चामडे मी जपून सोडवले, पाठ अखंड ठेवली आणि मग दोरा कापला. आठ टाक्यांचा इंच कापताना जो आवाज होतो, तो मी पूर्वी दुसऱ्याच्याच शिवणीचा ऐकला होता.

त्यानंतर तिने सूत्रे हाती घेतली. गॅरेजच्या फरशीवर वर्तमानपत्रे अंथरून तिने दोनशे पाने डागांच्या आकाराने मांडली. "हे इकडे. हे त्याच्या खाली. वस्ताद, पाय काढा. अहो, तो अंगठ्याचा ठसा आहे, डाग नाही, कुणाचा आहे तुम्हीच ओळखा." दुपारचा चहा झाला, ऊन दारातून आत येऊन परत फिरले. अखेर तीन चाकांची सातही पाने एकापाठोपाठ एक येऊन बसली, डाग चण्यापासून मसुरीपर्यंत लहान होत गेलेले. सातवे पान तिने वस्तादांपुढे धरले, मग त्यांची नजर आठवून स्वतःच इंजिनापाशी वाकली.

"वरच्या चाकाची खूण सरळ वर. आली. दुसऱ्याची उजवीकडे. अजून थोडं. थांबा! तिसऱ्याची खाली, त्या छोट्या बाणासमोर. आता चढवा."

वस्तादांनी पट्टा चढवला. पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवले. कुठे अडले नाही. किल्ली फिरवली. गाडी एकदा खोकली आणि सुरू झाली. वस्ताद डोळे मिटून ऐकत राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "लाँड्री सोडा आणि इकडे या."

"तुमच्या गॅरेजचे कपडे बघून तेच वाटतंय," ती म्हणाली. "पण धुवायला."

सोमवारी सहा पन्नासला मी शेडमध्ये हजर होतो. हजेरीपटावर निळी सही केली. साडेसातला बाई आल्या, हातात मोजमापाची फीत, कानावर पेन्सिल. व्यवस्थापकांनी हसत हात पुढे केला आणि मी त्या हातावर ते ठेवले. चामड्याचे कव्हर, पाच उंचवट्यांची पाठ, आणि आत तेलकट सुटी पाने, रेशमी फितीने गुंडाळलेली.

व्यवस्थापकांचा चेहरा मला अद्याप आठवतो.

"हे सुटं का आहे?" बाईंनी विचारले.

"काल गाडी दुरुस्त करायची होती," मी म्हणालो. "वाचायला लागलं, म्हणून उसवलं."

बाईंनी फीत सोडली, पानांचा गठ्ठा काढून टेबलावर बाजूला ठेवला आणि रिकामे कव्हर हातात तोलले. पाठीवर टिचकी मारली. उभे ठेवून दोन पावले मागे जाऊन पाहिले.

"हेच!" त्या म्हणाल्या. "किती हलकं आहे! अहो, आमच्या हॉटेलात दोनशे खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत पलंगाच्या डोक्याशी एक फळी आणि फळीवर तीन पुस्तकं. मागच्या वेळी खरी ठेवली तर फळ्या खाली आल्या. एका पाहुण्याच्या डोक्यात पडलं. तिघा बायंडरांना सांगून थकले. जो तो आत पानं घालून दाखवतो! तुम्हालाच पहिल्यांदा कळलं."

"म्हणजे सहाशे," व्यवस्थापक क्षीण आवाजात म्हणाले.

"सहाशे. आणि दुसरी इमारत होतेय, तिथले पुढच्या वर्षी."

"आत काय घालू?" मी विचारले.

"थर्माकोल. उघडत कोणी नाही."

"आणि पाठीवर नाव?"

"काहीतरी सोनेरी."

अशा रीतीने टेबल वाचले. त्यावर आता कायमची पाटी आहे, व्यवस्थापक पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला आणतात आणि म्हणतात, ह्यांच्या हाताला तोड नाही. दररोज मी चामडे कापतो, पाठ गोल करतो, उंचवटे बसवतो आणि मध्ये थर्माकोलचा तुकडा ठेवतो. थर्माकोलला शिवण लागत नाही.

पाठीवर काय छापावे ह्याचा मी पुष्कळ विचार केला. अखेर सातव्या पानावरची जपानी अक्षरे साच्यात उतरवून घेतली आणि सहाशे पाठींवर सोन्याच्या वर्खात उमटवली. फार देखणी दिसतात. अर्थ मला माहीत नाही. महिन्याने वस्ताद डोळे बरे होऊन आले, त्यांनी ती निरखून पाहिली आणि म्हणाले, "नट घट्ट आवळा, असंच काहीतरी असणार. झोपण्यापूर्वी वाचायला बरं आहे." मग बाहेर जाऊन त्यांनी गाडीकडे पाहिले. "लाल आहे होय ही? मी इतके दिवस चॉकलेटी समजत होतो."

"मग आत काहीच नसतं?" हिने विचारले होते. तिला मी एक कव्हर घरी आणून दाखवले. तिने ते उघडले, मिटले, आणि दारामागे औषधांच्या बाटल्यांखाली घालायला घेतले.

गाडी अजून रोज चालते. तिसरी खूण झाली नाही. ती पाने मी पुन्हा बांधली नाहीत. हिने डागांनी लावून दिलेल्या क्रमाने ती बिस्किटांच्या डब्यात आहेत आणि डबा मी कामावर नेतो. पूर्वी सरस वाळेपर्यंत फर्मा वाचीत असे, आता टेबलावर वाचण्याजोगे काही येत नाही. म्हणून डबा उघडतो आणि चित्रे पाहतो, पहिल्या पानापासून, एकही न गाळता. आयुष्यात प्रथमच मी एक पुस्तक क्रमाने वाचत आहे. सध्या ब्रेकपर्यंत आलो आहे.